राष्ट्रीय सुरक्षेचे धोरण कुणी आखावे? तज्ज्ञांच्या व्यावसायिक पार्श्वभूमीबद्दल

धागाकर्ता, राजारामपुरी

मागच्या आठवड्यात आमच्या कोल्हापुरातल्या अभ्यासिकेत संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षातील एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, मला सैन्यात जायचे नाही आणि यूपीएससीही द्यायची नाही, पण देशाच्या सुरक्षा धोरणावर काम करायचे आहे. मी पुढे काय करू?" मला सरळ उत्तर देता आले नाही, आणि ते का देता आले नाही याचा विचार करताना हा धागा सुचला.

राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हे पद १९९८ मध्ये निर्माण झाले. त्यावर आजवर ब्रजेश मिश्र, जे. एन. दीक्षित, एम. के. नारायणन, शिवशंकर मेनन आणि अजित डोभाल हे पाच जण बसले. त्यांपैकी तिघे परराष्ट्र सेवेतले, तर दोघे पोलीस सेवेतून गुप्तवार्ता विभागाच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचलेले. या यादीत सेनाधिकारी नाही, शास्त्रज्ञ नाही, अर्थतज्ज्ञ नाही आणि वकीलही नाही. अमेरिकेत याच पदावर किसिंजर, ब्रेझिन्स्की आणि कोंडोलीझा राईस हे प्राध्यापक, स्कोक्रॉफ्ट आणि मॅकमास्टर हे लष्करी अधिकारी, तर सुलिव्हन हे वकील येऊन गेले. तिकडचे सारे आदर्श आहे असे मी म्हणत नाही. प्राध्यापक किसिंजर १९७१ च्या युद्धात पाकिस्तानची बाजू घेऊन आपल्याशी कसे वागले हे कुणी विसरलेले नाही. परंतु आज सुरक्षेच्या प्रश्नांत चिप, समुद्राखालच्या केबल, उपग्रह आणि निर्यातबंदीचे कायदे आले असताना आपण दोनच सेवांच्या कपाटातून माणसे काढत राहावे का?

नव्याने लिहू लागलेले अनेक अभ्यासक अभियंते आणि कायद्याचे पदवीधर आहेत. त्यांचे लेख वाचले जातात, पण त्यांच्यापर्यंत फाईल जात नाही. २०१८ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांना थेट सहसचिव नेमण्यासाठी दहा पदांची जाहिरात निघाली, तिच्यात संरक्षण किंवा गृह खात्याचे एकही पद नव्हते. २०२४ मधली पंचेचाळीस पदांची जाहिरात तर काही दिवसांत मागेच घेतली गेली. माझे मत असे की हे दार उघडले पाहिजे, आणि तेही वयाच्या तिशीत, साठीत नव्हे.

निवृत्त सुभेदार मेजर, सैनिक टाकळी

सर, आपल्याबद्दल आदर ठेवून विरोध नोंदवतो. नकाशावर दोन बोटांचे अंतर असलेल्या एका चौकीवर मी एक हिवाळा काढला आहे. रसद घेऊन येणाऱ्या खेचरांना तेवढे अंतर चढायला अख्खी रात्र लागे, आणि रॉकेलच्या जरिकेनला उघड्या हाताने धरले तर कातडी चिकटून राहत असे. ते अंतर दोन बोटांचेच आहे असे समजून वातानुकूलित खोलीत लिहिणाऱ्याच्या हाती धोरण द्यायचे का? पदवीपेक्षा, चुकीचा परिणाम ज्याने स्वतः भोगला आहे, असा माणूस मला हवा.

आपल्याच कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते. ईशान्य सीमेवर चीनपासून असलेल्या धोक्याचा अंदाज त्यांनी १९५९ मध्ये लेखी दिला आणि १९६० मध्ये लखनौला युद्धसराव घेऊन तो मांडूनही दाखवला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी त्याकडे दुर्लक्ष केले. १९६१ मध्ये जनरल निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी काय झाले ते सर्वांना माहीत आहे. तेव्हा यादीत भर घालायचीच असेल, तर आधी गणवेशातल्या माणसाची घाला.

कारखानदार, गोकुळ शिरगाव

सुभेदार साहेबांचा मुद्दा मान्य करूनही एक प्रसंग सांगतो. आमच्या शॉपमधले एक आयात केलेले सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारे, मशीन आम्ही शेड वाढवताना जेमतेम चाळीस फूट सरकवले. पुन्हा जोडले, लेव्हल केले, बटण दाबले, तर पडद्यावर संदेश आला की मशीन जागेवरून हलले आहे, कोड टाका. तो कोड बनवणाऱ्या कंपनीकडूनच येतो. शनिवारी दुपारी बंद पडलेले मशीन गुरुवारी सुरू झाले. तोवर पंपाच्या बॉडीचे कास्टिंग रांगेत पडून होते आणि ऑपरेटर स्टुलावर बसून चहा पीत होता.

चौकशी केल्यावर कळले की अशी अचूक यंत्रे शस्त्रनिर्मितीसाठी भलतीकडे जाऊ नयेत, म्हणून निर्यातीच्या नियमांनुसार त्यांत हे कुलूप बसवलेले असते. म्हणजे माझ्या शेडमधल्या मशीनची किल्ली दुसऱ्या देशात आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने मोटारींत लागणाऱ्या दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट लावली तेव्हाही वाहन उद्योगाची अशीच तारांबळ उडाली. हा धोका खेचरांच्या वाटेवरून दिसत नाही आणि दूतावासातूनही दिसत नाही. तो मेन्टेनन्सवाल्याला दिसतो, आणि त्याला कुणी विचारत नाही.

इतिहासाचा वाचक, रमणमळा

या वादात बावड्याच्या रामचंद्रपंत अमात्यांचे नाव अजून आले नाही याचे आश्चर्य वाटते. अमात्य म्हणजे जमाखर्च पाहणारा मंत्री. तरीही त्यांनी आज्ञापत्र या मराठेशाहीच्या राजनीतीवरील ग्रंथात दुर्ग आणि आरमार यांवर प्रकरणे लिहिली, आणि टोपीकर म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना किनाऱ्यावर जागा देणे घातक का, हेही सांगितले. आजच्या भाषेत हा अर्थखात्याचा माणूस सुरक्षा धोरण लिहीत होता.

निवृत्त सुभेदार मेजर, सैनिक टाकळी

अर्धेच सांगितलेत. राजाराम महाराज जिंजीला गेल्यावर इकडची लढाई त्याच अमात्यांनी हुकूमतपन्हा म्हणून, म्हणजे राजाच्या वतीने पूर्ण अधिकार घेऊन, चालवली. आधी भोगले, मग लिहिले. उदाहरण माझ्या बाजूचे आहे.

निवृत्त बँक अधिकारी, ताराबाई पार्क

दार अगदीच बंद आहे हे धागाकर्त्यांचे म्हणणे अतिशयोक्त वाटते. कारगिलनंतरच्या आढावा समितीचे अध्यक्ष के. सुब्रह्मण्यम प्रशासकीय सेवेतले होते, पण शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्यासोबत निवृत्त लेफ्टनंट जनरल हजारी होते, पत्रकार बी. जी. व्हर्गीस होते आणि सदस्य-सचिव सतीश चंद्र परराष्ट्र सेवेतले होते. राष्ट्रीय सायबर सुरक्षा समन्वयक हे पद आले तेव्हा २०१५ मध्ये तंत्रज्ञ असलेले गुलशन राय नेमले गेले आणि २०१९ मध्ये लेफ्टनंट जनरल राजेश पंत. शिवाय बाहेरून आलेला तिशीतला सल्लागार चार वर्षांनी एखाद्या परदेशी कंपनीत गेला, तर त्याच्या डोक्यातली गुपिते कुणी परत मागायची? नोकरशहा संथ असेल, पण त्याचे निवृत्तिवेतन सरकारच्या हातात असते.

विद्यार्थी, राधानगरी

मी संरक्षणशास्त्रात एम. ए. करतो आहे, म्हणून एक गोष्ट नम्रपणे मांडतो. सगळे जण सेवा, सेना आणि तंत्रज्ञान यांची तुलना करत आहेत, पण नवे तज्ज्ञ ज्या दिल्लीतल्या अभ्याससंस्थांतून घडतात, तिथला प्रवेश आधी इंग्रजीवर आणि नंतर खिशावर ठरतो. एका संस्थेत सहा महिने बिनपगारी काम करण्याची संधी मला मिळाली होती. खोलीभाडे आणि खानावळ यांचा हिशेब वहीच्या एका पानावर मांडला. त्या वर्षी आलेले उसाचे बिल शेजारी लिहिले आणि नकाराची मेल पाठवली. त्यामुळे उद्या बाहेरच्या तज्ज्ञांसाठी दार उघडलेच, तरी आत जाणारे बहुतेक जण त्याच चार वसाहतींत वाढलेले असतील. पार्श्वभूमी बदलेल, घरे बदलणार नाहीत.

धागाकर्ता, राजारामपुरी

गुपितांच्या आक्षेपाबद्दल: करार, विशिष्ट काळ खासगी नोकरीवर बंदी आणि गोपनीयतेचा कायदा हे उपाय आहेत, आणि निवृत्त अधिकारीही कंपन्यांच्या संचालक मंडळांवर जातातच. कारगिल समितीचे उदाहरण मला उलट पुष्टी देणारे वाटते. ती नेमावी लागली ती युद्धानंतर, आणि अहवाल दिल्यावर तिचे काम संपले. सायबरच्या दाराबद्दल मात्र माझे विधान मी मागे घेतो.

राधानगरीच्या विद्यार्थ्याचा मुद्दा माझ्या मूळ मांडणीत नव्हता, तो असायला हवा होता. त्या विद्यार्थिनीला मी दिल्लीचाच पत्ता देणार होतो.

निवृत्त सुभेदार मेजर, सैनिक टाकळी

त्या मुलीला गोकुळ शिरगावला पाठवा, ते मशीन बघू दे. नंतर दोन दिवस आमच्या गावी येऊ दे. इथे बहुतेक घरांत कुणी ना कुणी फौजेत होते किंवा आहे, वेगवेगळ्या सीमांवरचे सांगणारे मिळतील. आणि राधानगरीच्या मुला, तो हिशेबाचा कागद टाकून देऊ नकोस. आमच्या माजी सैनिकांच्या बैठकीत तो वाचून दाखव, पैशांचे काय करता येईल ते आम्ही बघतो.