पगाराचा दशमांश: आज्ञा की ऐच्छिक अर्पण?

धागाकर्ता, ठाणे पश्चिम
बायबलातलं मलाखी ३:१० (‘सगळा दशमांश भांडारात आणा’) वाचून दशमांशाची, म्हणजे दहाव्या हिश्शाची, पाकिटं वाटायची पद्धत आपल्याकडच्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांत आहे. माझं मत स्पष्ट आहे: पगाराचा दहावा हिस्सा ही ख्रिस्ती माणसावर आज्ञा नाही. मोशेच्या नियमशास्त्रातला दशमांश धान्याचा, फळांचा आणि गुराढोरांचा होता (लेवीय २७). धान्य ठेवून पैसे द्यायचे तर वर पाचवा हिस्सा भरावा लागे, म्हणजे १,००० च्या मालाला १,२००. शिवाय दशमांश एकच नव्हता. एक लेव्यांचा, म्हणजे पवित्रस्थानाची सेवा करणाऱ्या वंशाचा, कारण त्यांना जमिनीचा वाटा नव्हता. दुसरा कुटुंबानं पवित्रस्थानी नेऊन आनंदानं खायचा. दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवून लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांना द्यायचा (‘अनुवाद’ हे पुस्तक, अध्याय १४). हे सगळं सोडून फक्त १० चा आकडा उचलायचा, हे मला पटत नाही.

नेरुळ, सेक्टरवासी
दादा, अब्राहामानं मलकीसदेक या राजा-याजकाला दशमांश दिला तो नियमशास्त्राच्या शेकडो वर्षं आधी (उत्पत्ती १४). म्हणजे मूळ मोशेत नाही. आणि मत्तय २३:२३ मध्ये पुदिना, शेप, जिरे यांच्या दशमांशाबद्दल बोलताना येशू ‘ते सोडा’ म्हणत नाही. न्याय, दया, विश्वास हे करा आणि तेही सोडू नका, म्हणतो. आकडा नसला की मंडळीचं भाडं, वीजबिल, पाळकांचं मानधन कशावर चालवायचं? वाशीत हॉल भाड्यानं घेणाऱ्या लहान मंडळीला सणासुदीच्या अर्पणावर वर्ष काढता येत नाही.

धागाकर्ता, ठाणे पश्चिम
अब्राहामानं दिला तो लढाईतल्या लुटीचा, आणि शास्त्रात नोंद एकदाच. उरलेल्या लुटीतला स्वतःचा वाटाही त्यानं घेतला नाही. त्याचा कित्ता गिरवायचा तर ९० टक्केही सोडावे लागतील! येशू परूश्यांशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांशी बोलत होता, तेव्हा मंदिर उभं होतं आणि तो दशमांश लागू होता. पौल करिंथकरांना आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीप्रमाणे बाजूला काढायला सांगतो (१ करिंथ १६:२), टक्केवारी सांगत नाही.

कळवा, इतिहासप्रेमी
सक्तीचा उगम युरोपातला आहे. ५८५ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या माकोंच्या धर्मसभेनं दशमांश न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी दिली, ७७९ मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेन यानं त्याला राजाज्ञेचं बळ दिलं. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्यानं धान्याऐवजी रोख आकारणी आली. फ्रान्सनं १७८९ च्या क्रांतीत तो मोडला. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत चर्चच्या गरजा भागवण्याचं कर्तव्य आहे (कलम २२२), टक्का नाही.

वाशी, हिशेब पाहणारा
टक्का कोणताही ठरवा, घोळ होतो तो हिशेबात. ढोबळ पगार ५०,००० आणि हातात ४४,००० असेल तर दशमांश ५,००० की ४,४००? मी ढोबळ पगार धरायला सांगतो: पीएफ आपलाच पैसा आहे. मात्र तो आधीच मोजला, तर निवृत्तीला मिळणाऱ्या रकमेवर पुन्हा काढू नये, फक्त व्याजावर काढावा. जांभळी नाक्यावरच्या दुकानदारानं विक्रीवर काढू नये. विक्री ३ लाख आणि नफा ३६,००० असेल तर ३,६०० होतात. विक्रीवर ३०,००० काढले तर पुढच्या महिन्याचा माल कशानं भरणार?

मोजणीला दोन माणसं, तीही एका घरातली नकोत. पाकीट फोडतानाच रक्कम पाकिटावर आणि मोजणी-पत्रकावर लिहायची, दोघांनी सही करायची, पुढच्या कामकाजाच्या दिवशी बँकेत भरायची. त्याच रोकडीतून परस्पर खर्च केला की पत्रक आणि पासबुक जुळत नाही, आणि नसलेली चोरीही असल्यासारखी दिसते. क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचाच हवा, पाळकांच्या वैयक्तिक खात्याचा कधीच नको. भारतीय पासपोर्टवर दुबईत असलेल्या सभासदाची पगारातली मदत चालते. नागरिकत्व सोडलेल्या नातेवाइकाची परदेशी देणगी ठरते, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय ती घेऊ नका.

नेरुळ, सेक्टरवासी
हिशेब मान्य. पण मलाखी सरळ म्हणतो: भांडारात आणा.

धागाकर्ता, ठाणे पश्चिम
ताई, ते भांडार म्हणजे मंदिरातली धान्याची कोठारं. नहेम्या १३ वाचा: लेव्यांना वाटा मिळेना, म्हणून ते आपापल्या शेतांवर निघून गेले होते. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. पाळकांच्या मानधनाला माझा विरोध नाहीच. वार्षिक सभेत अंदाजपत्रक मांडा, महिन्याला किती लागतात ते सांगा, लोक देतील. फक्त न देणाऱ्याला ‘देवाला ठकवणारा’ म्हणू नका. ज्या घरात दवाखान्याचं बिल थकलंय, त्या घराला तर नाहीच.

नेरुळ, सेक्टरवासी
तेवढं मी मान्य करते, त्या घराला मंडळीनंच द्यावं. पण मुलांना पहिल्या पगारापासून दहावा हिस्सा शिकवणं मी सोडणार नाही.