पुराचा निरोप 48 घरांत फोनवरून लवकरात लवकर कसा पोचवायचा?

झेरॉक्सवाली_सांगली

नमस्कार मंडळी. आमची गल्ली सांगलीत कर्नाळ रोडच्या बाजूला, सखल भागात. पाणी नदीकडून समोरून येत नाही, नाल्यातून उलटं येतं, आणि नेमकं रात्री. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 धोक्याची. आम्हाला त्याच्या आधीच सामान माळ्यावर टाकावं लागतं. 2019 ला 57 च्या वर गेलं तेव्हा माझी दोन मशीनं गेली. (अलमट्टी धरणाचा विषय इथं नको, हात जोडते.)

माझ्यासकट 48 घरं. दुकानामुळं सगळ्यांचे नंबर माझ्याकडं, म्हणून निरोपाचं काम माझ्या गळ्यात. जूनमध्ये चाचणी घेतली. एकटीनं 47 फोन लावले. रिंग, "कोण बोलतंय?", निरोप, "जेवलीस का?" हे सगळं धरून फोनमागं दीड मिनिट. एक तास दहा मिनिटं लागली आणि घसा बसला.

मग चौघांना गटप्रमुख केलं, प्रत्येकाकडं दहा-अकरा घरं. वेळ एकवीस मिनिटांवर आला. अजून कमी होईल का?

आणि दुसरं दुखणं. "पस्तीस फूट, गाड्या वर काढा" असा निरोप सोडला होता. एका घरी तो "पंचेचाळीस फूट, घर सोडा" असा पोचला. काकू दोन पिशव्या आणि मांजर घेऊन रस्त्यावर!

निवांत_नाना

एवढा खटाटोप कशाला? व्हॉट्सॲपवर टाका की.

झेरॉक्सवाली_सांगली

नाना, ग्रुप आहे. रात्री दोनला तो बघतो कोण? अकरा घरांत बटणाचे फोन आहेत. ब्रॉडकास्ट लिस्ट पण करून पाहिली. ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो निरोप जातो. वर लिहिलंय ना, निम्मी गल्ली मला "कोण बोलतंय?" विचारते.

खडू_फळा

ताई, तुमच्या गटप्रमुखांच्या पद्धतीत वेळ कुठं सांडतोय बघा. ज्याला निरोप मिळाला तो फोन खाली ठेवून गप्प बसतो. निरोप कळलेल्या प्रत्येकानं लगेच पुढचा फोन लावला, तर कळलेल्यांची संख्या दर फेरीला दुप्पट होते: 1, 2, 4, 8, 16, 32, 64. तुमची 48 घरं सहाव्या फेरीत संपतात. दीड मिनिटाची फेरी धरली तर नऊ मिनिटं. एका वेळी एकाशीच बोलायचं असेल तर याच्याखाली कोणीच जाऊ शकत नाही, कारण एका फेरीत दुपटीपेक्षा जास्त माणसांना कळणारच नाही.

करायचं असं. 48 नावांची यादी, वर तुमचं नाव. मधोमध फाडा. खालच्या 24 मधल्या पहिल्या नावाला फोन करा, ती 24 घरं त्याची. तुमच्याकडं 24 उरली, ती परत फाडा, 12 द्या. मग 6, मग 3. शेवटी तुमच्यासकट तिघं उरतात, त्या दोघांना एकेक फोन. तुमचे एकूण सहाच फोन. पलीकडं तो पहिला माणूस त्याची 24 अशीच फाडत असतो.

क्रम मात्र उलटा करू नका. ज्याच्या खाली जास्त काम, त्याला आधी उठवायचं. कोण कोणाला फोन करू शकतो हे झाडाच्या फांद्यांसारखं ठरलेलं असेल तर सगळ्यात उत्तम क्रम नेमका काढता येतो, हे स्लेटर, कॉकेन आणि हेडेटनिएमी या गणितज्ञांनी 1981 मध्ये दाखवलं. ओळखीपाळखीचं जाळं वेडंवाकडं असेल तर मात्र तोच प्रश्न संगणकालाही घाम फोडतो. तुमच्याकडं सगळ्यांचे नंबर आहेत आणि झेरॉक्स मशीन पण आहे. प्रत्येकाला यादी द्या, जाळ्याचा प्रश्नच मिटला.

निवांत_नाना

याद्या कसल्या फाडता! ज्याला कळलं त्यानं ओळखीच्या सगळ्यांना फोन करायचा. होऊन जातंय.

केबल_ओढणारा

नाना, तसं केलं की सगळेच एंगेज लागतात. कळलेलाच माणूस दहा वेळा तेच ऐकतो आणि ज्याला कळायचंय त्याचा नंबर लागत नाही.

मी हे डोळ्यांनी बघितलंय. एका ऑफिसात झाडू मारताना निघालेली केबल कोणीतरी भल्या मनानं परत लावली, तिची दोन्ही टोकं एकाच स्विचला, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या डब्याला. सगळ्यांसाठी असलेला निरोप स्विच आलेलं तोंड सोडून बाकी सगळ्या तोंडांतून बाहेर सोडतो. तो केबलमधून फिरून परत आत आला, परत सगळीकडं गेला. अशा केबलच्या जाळ्यातल्या, म्हणजे इथरनेटच्या, निरोपावर "इतक्या उड्या झाल्या की मर" असं काही लिहिलेलं नसतं. मिनिटभरात अख्खा मजला ठप्प, दिवे मात्र लखलखीत चमकतायत. यावरचा उपाय संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये काढला: जास्तीच्या वाटा स्विचनी आपापसात ठरवून बंद ठेवायच्या, म्हणजे जाळ्याचं झाड उरतं आणि फिरून यायला वाटच राहत नाही. त्या स्विचमध्ये ती सोय कोणीतरी बंद करून ठेवली होती.

झाडाचं दुखणं वेगळं. फांदी तुटली की खालचं सगळं गेलं. ताईंच्या पहिल्या माणसानं फोन उचलला नाही तर 24 घरं झोपेत. तेव्हा नियम करा: दोनदा रिंग देऊन उचलला नाही तर त्याच्याच अर्ध्यातलं पुढचं नाव धरायचं आणि काम त्याच्यावर सोपवायचं.

ट्रंककॉल

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होतो, आता निवृत्त. निरोप बिघडतो तो ऐकणाऱ्याकडं. तेव्हा ऐकणाऱ्यानं परत म्हणून दाखवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. आकडा सुटा सांगा, "तीन, पाच". पस्तीस आणि पंचेचाळीस झोपेत सारखेच ऐकू येतात. "जेवलीस का" बंद. पुरात सगळं गाव फोन लावतं, टॉवर भरतो. फोन जितका आखूड, तितका पुढच्याचा लागायची शक्यता जास्त.

ऑक्टोबर 2023 मध्ये सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळले होते, आठवतं? तो सेल ब्रॉडकास्ट. टॉवर एकदाच बोलतो, हद्दीतले सगळे फोन ऐकतात, नंबरांची यादी लागत नाही. पण तो सरकारच्या हातात. तुमच्या नाल्याचं त्याला काय माहीत!

झेरॉक्सवाली_सांगली

रविवारी पहाटे पाचला परत चाचणी घेतली, न सांगता. शिव्या खाल्ल्या.

सोळा मिनिटं! नऊ नाही झाली, कारण तिघांनी उचलला नाही आणि एका आजोबांनी परत म्हणून दाखवायच्या ऐवजी 2005 च्या पुराची गोष्ट सांगितली. पण पहिल्या 24 वाला झोपलेलाच होता, तरी त्याच्या बाजूची सगळी घरं उठली. पुढचं नाव धरायचा नियम कामाला आला. आकडा सगळीकडं "तीन, पाच" असाच पोचला. मांजरवाल्या काकूंनी तर तीनदा म्हणून दाखवला.

खडू_फळा, यादीतली 48 पैकी 32 माणसं टोकाला येतात, त्यांना कोणालाच फोन करायचा नसतो. तिथं मी म्हातारी माणसं घातली होती. चाचणी संपल्यावर 27 नंबरच्या आजी दुकानात आल्या. म्हणाल्या, "मला शेवटी का टाकलंस? मी चारला उठून बसलेली असते."

नवीन यादी काढतेय. पहिला फोन त्यांना.