गच्चीवरचं सोलर आणि बंद फ्लॅटचा हिस्सा

बी-३०४ (सध्या ठाणे): नमस्कार मंडळी. सोसायटीच्या पंप, लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी गच्चीवर सोलर बसवायचं आणि त्याची वर्गणी सगळ्यांना सारखी लावायची असं कळलं. आमचा फ्लॅट गणपती आणि मे महिना सोडला तर बंदच असतो. जिन्यातला दिवासुद्धा आम्ही वापरत नाही. जे राहतात त्यांनी भरावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

ए-२०१: सहमत. पंप रोज कोणासाठी चालतो ते बघा.

ए-००२: भाऊ, प्रश्न रास्त आहे म्हणून सविस्तर लिहिते. मी तळमजल्यावर राहते. लिफ्टची मला गरज पडत नाही, तरी तिचा देखभाल खर्च मी तुमच्याइतकाच भरते. आदर्श उपविधींत, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांत, तसंच आहे: ज्या इमारतीत लिफ्ट, तिथल्या सगळ्या सभासदांनी सारखा खर्च उचलायचा, वापर असो वा नसो. सेवाशुल्कही समान. पाणीपट्टी तेवढी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. कुलूप लावलं म्हणून इमारतीतला वाटा कमी होत नाही. उद्या फ्लॅट विकायला काढलात तर गिऱ्हाईक चालू लिफ्ट, चालू पंप बघूनच भाव देणार आहे.

आणि तुम्ही वीज वापरत नाही हेही मला पटत नाही. गणपतीत एकेका घरात किती माणसं असतात! पंप दिवसातून तीनदा लागतो, लिफ्ट आरत्या करून येणाऱ्यांसाठी मध्यरात्रीपर्यंत वरखाली. (यावं सगळ्यांनी, इमारत भरलेली असली की आम्हालाही बरं वाटतं.) पण तेव्हाच आभाळ भरलेलं असतं आणि सोलर देणार अगदी थोडं. नेट मीटरिंगमध्ये (सोलरची उरलेली वीज वीज कंपनीच्या तारेत सोडायची आणि ती बिलातून वळती व्हायची) जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात ओढता येतात आणि वर्षाचा हिशोब ३१ मार्चला मिटतो. म्हणजे एप्रिलच्या उन्हात जे उरेल ते गणपतीत तुमच्याही पंपाला लागणार.

सी-१०३: सोलर लावायला हरकत नाही, पण सरकारी धोरणच मला असमान वाटतं. स्वतःचं घर असलेल्याला ३ किलोवॅटला ७८,००० अनुदान. सोसायटीला किलोवॅटमागे १८,०००, तेही फक्त सामाईक वापरासाठी. भाड्याने राहणाऱ्याच्या हातात काहीच नाही. कर मात्र सगळेच भरतात.

ए-००२: सर, याबाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. हे अनुदान देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली ती छप्पर ज्याचं त्याचा विचार करून. आपल्या भाडेकरूंना निदान एवढं तरी करू: सामाईक विजेचं बिल उतरलं की मेंटेनन्स उतरवायचा आणि मालकांनी तेवढं भाडं कमी करायचं. १० किलोवॅट घेतलं तर १,८०,००० अनुदान होतं, ते सोडणं मला चुकीचं वाटतं. त्यात सामाईक मीटरचे युनिट १००, ३००, ५०० असे टप्पे ओलांडत जातात आणि वरच्या टप्प्याचा दर जास्त. सोलरने वाचलेला युनिट सगळ्यात महागड्या टप्प्यातून आधी कमी होतो.

बी-१०२: काकू, सोलर लागलं की लाईट गेली तरी पंप चालेल ना? मी तर त्यासाठीच हो म्हटलंय.

ए-००२: नाही रे बाबा. आणि हे सभेत कोणी सांगितलं नाही याचा मला राग आहे. ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना, जोडलेलं सोलर लाईट गेली की आपोआप बंद पडतं. तसं नसतं तर आपल्या गच्चीवरची वीज तारेत उतरून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतली असती. लाईट नसताना पंप हवा असेल तर बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर लागतो, खर्च बराच वाढतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर लाईट नसताना जिन्याच्या तोंडाशी बादल्यांची रांग लागली होती. तेव्हाचं मनात धरून कोणी होकार दिला असेल तर त्याने पुन्हा विचार करावा.

दुसरं, गच्चीवरच्या जुन्या डिश अँटेनाचा क्लॅम्प जाऊन बघा. बोट लावलं की तांबडा पापुद्रा हातात येतो, नट तर राहिलेलाच नाही. हा आपला खारा वारा. कोटेशनमध्ये नुसतं 'लोखंडी स्ट्रक्चर' लिहिलंय. गरम जस्ताचा मुलामा, स्टेनलेसचे बोल्ट आणि पॅनलला खाऱ्या हवेची आयईसी ६१७०१ चाचणी, हे तिन्ही लेखी हवं. वादळवाऱ्यात पत्र्यांचं काय होतं ते निसर्ग वादळात दापोली-मंडणगडने बघितलंय.

ए-१०१: मला सोलर नको असं नाही. पण पेन्शनमध्ये एकरकमी एवढे पैसे नाही निघणार. कोणाला सांगायलाही बरं वाटत नाही.

ए-००२: काका, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. माझा खरा आग्रह इथेच आहे. वाटा सगळ्यांचा सारखा, पण भरायची मुदत सारखी नको. अनुदान आधी मिळत नाही, सोलर बसून तपासणी झाल्यावर खात्यात येतं. तोवरची रक्कम ज्यांना जमते त्यांनी आगाऊ द्यावी आणि ती त्यांच्या पुढच्या मेंटेनन्समधून वळती करावी. बाकीच्यांनी महिन्याच्या बिलात हप्त्याने भरावी. हप्त्यावर व्याज नाही.

ए-२०१: म्हणजे ज्यांच्याकडे पैसे आहेत ते सोसायटीला बिनव्याजी वापरू देणार?

ए-००२: हो. मी स्वतः आगाऊ भरायला तयार आहे.

बी-३०४ (सध्या ठाणे): सारखा हिस्सा मला अजूनही पूर्ण पटलेला नाही. पण गणपतीतल्या पंपाचं बोललात ते खरं आहे. हप्ता असेल तर मी अडवणार नाही. सभेला मला ऑनलाइन जोडून घ्या.

ए-००२: घेऊ. सेक्रेटरी साहेब, रविवारच्या विषयपत्रिकेत तीन मुद्दे घाला: हप्त्याचा ठराव, स्ट्रक्चरची अट, आणि बॅटरीसह वेगळं कोटेशन. आणि छापील प्रत काकांच्या दारात टाका, त्यांना मोबाइलवर पीडीएफ वाचता येत नाही.

सेक्रेटरी: नोंद घेतली. उद्या सकाळी प्रती वाटतो.