मदत हवी आहे: अंगावरचं जुनाट पित्त, ऑटोइम्यून (स्वतःचीच प्रतिकारशक्ती शरीरावर उलटल्यामुळे) आहे का कसं कळेल?

अंगावर पित्त उठायचं थांबतच नाहीये. सहा आठवड्यांच्या वर गेलं की जुनाट धरतात, माझं कधीच गेलंय. कमरेच्या इलॅस्टिकखाली लालबुंद गांधी उठतात, 24 तासांच्या आत डाग न ठेवता जिरतात, की दुसरीकडे हजर! म्हणून डॉक्टर बायोप्सी (त्वचेचा तुकडा काढून तपासणं) नको म्हणाले. टीएसएच (थायरॉईडची तपासणी) नॉर्मल, पण अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धची अँटीबॉडी) वाढलेलं आणि एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित अँटीबॉडी) अगदी कमी. ही जोडी ऑटोइम्यूनकडे बोट दाखवते म्हणे.

आता स्वतःच्याच रक्तातलं सीरम (पेशी काढल्यावर उरणारा द्रव) त्वचेत टोचून बघायची टेस्ट सुचवलीय. त्याआधी अँटीहिस्टामिन (पित्ताची, खाजेची गोळी) काही दिवस बंद ठेवायचं, त्याचीच धास्ती आहे. कुणी केलीय का? गोळीशिवाय खाज कशी सोसलीत? आणि रिपोर्टनंतर उपचार खरंच बदलले का? (पथ्यं कृपया नकोत, सगळी करून झालीत.)