४३ व्या वर्षी नवऱ्याला अटॅक, आता घरात दोन स्वयंपाक करायचे का?

भांडुपची_सून

नमस्कार मंडळी, इथे नुसती वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात माझ्या नवऱ्याला अटॅक आला. वय ४३. शुगर नाही, दिसायला जाड नाही, थोडं पोट आहे बस. दुपारी ऑफिसात छातीत जळजळ आणि पाठीत दुखायला लागलं तर डबा उशिरा खाल्ला म्हणून गॅस झाला असेल असं समजून गोळी घेतली आणि काम करत बसला, संध्याकाळी सीएसएमटीहून उभ्याने भांडुपपर्यंत आला, जिना चढून घरात आला तेव्हा शर्ट घामाने भिजलेला. जवळच्या दवाखान्यात अॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. इसीजी निघेपर्यंत रात्रीचे ९ वाजले. एक स्टेंट टाकलाय, पंपिंग (हृदय दर ठोक्याला किती रक्त बाहेर फेकतं ते) ४५ टक्के आहे. हात दुखलाच नाही हो त्याचा, त्यामुळे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता प्रश्न खाण्याचा. डिस्चार्जच्या वेळी एक छापील कागद हातात दिला, त्यावर तेल तूप मीठ नारळ बंद, उकडलेल्या भाज्या, ओट्स, ऑलिव्ह ऑइल, सालमन. यातलं निम्मं आमच्या घरात कधी आलेलं नाही आणि परवडणारही नाही. सासूबाई मालवणकडच्या, रोज नारळ फुटतो, वाटपाशिवाय आमटीसुद्धा होत नाही. भेटायला आलेलं कुणीतरी त्यांच्या तोंडावर बोललं की तुमच्या खोबऱ्यानेच झालं हे, तेव्हापासून त्या नीट जेवत नाहीत, रात्री रडतात. मला ते बघवत नाही.

घरात सहा माणसं, आम्ही दोघं, सासूबाई, दीर (३८) आणि दोन मुलं. नारळ खरंच पूर्ण बंद करायचा का, तेल कुठलं वापरायचं, तुपाचं काय, आणि मुख्य म्हणजे त्याचा स्वयंपाक वेगळा करू का? सकाळी ५ ला उठून दोन दोन भाज्या होतात पण किती दिवस होतील माहीत नाही.

गिरणगाव_७२

ताई, आधी सासूबाईंना सांगा की माझी बायपास २००९ ला झाली आणि आमच्या घरात नारळ महिन्यातून दोनदा यायचा. आम्ही घाटावरचे. माझं कारण होतं बिडी, बीपी आणि रोजचं फरसाण. एका खोबऱ्याने कुणाला अटॅक येत नाही, त्या माऊलीला जेवायला घाला.

दोन स्वयंपाक करू नका. आम्ही सहा महिने केले. बायको माझी भाजी वेगळी काढायची, बिनमिठाची, पांचट, आणि बाकीचे माझ्यासमोर झणझणीत रस्सा खायचे. मी काय केलं, खाली उतरून वडापाव खायला लागलो, घरी कळू न देता. तिला कळलं तेव्हा ती चिडली नाही, नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचं एकच जेवण, कमी तेलाचं कमी मिठाचं, पोरं आठ दिवस कुरकुरली मग कुणाला फरकही कळेना. जिभेला सवय व्हायला तीनचार आठवडे लागतात, तेवढी कळ काढा.

मोजायचं कसं ते सांगतो कारण रोज चमचे मोजणं होत नाही. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅम म्हणजे एक छोटा सपाट चमचा, याच्या आत ठेवा असं डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) सांगते. म्हणजे सहा माणसांना महिन्याला ९०० ग्रॅम. पण पाव, फरसाण, पापड, लोणचं, बिस्किटं यातून मीठ जातंच, म्हणून एक किलोची पिशवी निदान दीड महिना तरी पुरली पाहिजे. पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख लिहायची. तेलाचंही तसंच, माणशी महिन्याला अर्धा लिटर, सहा जणांना तीन लिटर. आमच्याकडे पाच लिटरचा डबा तीन माणसांत महिनाभरात संपायचा, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मलाच धक्का बसला.

आहार_मीनल

मी आहारतज्ज्ञ आहे, हार्टचे पेशंट रोज बघते, म्हणून नारळाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण कोकणातल्या प्रत्येक घरात हाच प्रश्न असतो आणि त्यावरून सुनासासवांची भांडणं झालेली मी बघितलीयेत.

१०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३० ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट असतं. हे फॅट एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल वाढवतं. अटॅक येऊन गेलेल्या माणसाला सगळं धरून दिवसाला साधारण १३ ते १५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतो आम्ही, आणि त्यात दूध, तूप, तेल सगळं आलं. म्हणजे रोजचं वाटप नकोच, पण पोह्यांवर चिमूटभर भुरभुरवलेल्या खोबऱ्याने काही बिघडत नाही. आठवड्यातून एक दिवस वाटपाचं करा आणि त्यातही निम्मं खोबरं, बाकी जागेवर भाजलेला कांदा आणि चमचाभर डाळं वाटून घाला, रस दाट येतो. सासूबाईंनाच विचारा ना, वाटपाशिवायचं किती काय काय येत असेल त्यांना. कुळथाची पिठी, बांगड्याचं तिखलं, सोलकढीऐवजी नारळाच्या दुधाशिवायची फुटी कढी. हे सगळं मालवणीच आहे, कागदावरच्या सालमनपेक्षा कितीतरी बरं.

आणि सालमन कशाला हवा, बांगडा आणि तारली यांत तेच ओमेगा ३ भरपूर असतं आणि ते गरिबाचे मासे आहेत. आठवड्यातून दोनदा, तव्यावर चमचाभर तेलात किंवा तिखल्यात. रवा लावून बुडवून तळले तर मग काय उपयोग. जून जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुका बांगडा, सुकट खाल्ली जाते, ती मात्र मिठात मुरलेली असते, ती यांना नको.

तेल म्हणाल तर शेंगदाणा, मोहरी, राईसब्रान, यातलं कुठलंही चालेल, बदलून बदलून वापरा, ऑलिव्हची गरज नाही. पाम तेल आणि वनस्पती नको. तुपात साठेक टक्के सॅच्युरेटेड असतं, वरणभातावर अर्धा छोटा चमचा ठीक, पोळीला लावून वर भातावर असं नको. एक गोष्ट लोक विसरतात, चहाबरोबरची खारी, बटर, नानकटाई. एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेचं बघणारी सरकारी संस्था) जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातली ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या आत आणलीये, चांगलं झालं, पण सुटी बेकरी कशात भाजते आपल्याला कळत नाही, आणि मैदा, मीठ, साखर तर आहेच.

आपल्या लोकांचं अजून एक म्हणजे ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) जास्त आणि चांगलं कोलेस्ट्रॉल कमी, आणि त्यामागे भात, मैदा, साखर, साबुदाणा यांचा मोठा हात असतो. ताटात भात अर्धा करा आणि उसळ दुप्पट. मटकी, चवळी, कुळीथ, नाचणीची भाकरी. भाजी म्हणजे बटाटा नाही!

सुखी_ठाणेकर

माझ्या मामांना ७० टक्के ब्लॉकेज होतं, त्यांनी आलं, लसूण, लिंबू यांचा रस आणि अॅपल सायडर व्हिनेगर समप्रमाणात आटवून त्यात मध घालून रोज सकाळी तीन चमचे घेतलं. आज ७४ वर्षांचे आहेत, ठणठणीत. तुम्हीही करून बघा, नैसर्गिक आहे, नुकसान तर नाही.

चेंबूर_नाका

दादा तुमच्या मनात वाईट नाही हे कळतं पण हे वाचून माझे हात थरथरले म्हणून लिहितोय. माझ्या थोरल्या भावाने हेच केलं. स्टेंट टाकल्यावर रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या असतात, एक अॅस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर, अटॅकनंतर दोन्ही साधारण वर्षभर घ्याव्या लागतात, नाहीतर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. भावाने काढा सुरू केला, बरं वाटायला लागलं, तिसऱ्या महिन्यात गोळ्या बंद केल्या, आम्हाला सांगितलं नाही. पंधरा दिवसांत दुसरा अटॅक आला. वाचला, पण आता दोन जिने चढला की दम लागतो, पंपिंग ३० वर आलंय. लसूण जेवणात खा, पण बनलेलं ब्लॉकेज काढ्याने विरघळत नाही. मामांना बरं असेल तर आनंदच आहे, ७० टक्के असूनही वर्षानुवर्षं काही होत नाही अशीही माणसं असतात, आणि ४० टक्केवालं फुटून अटॅक येतो असंही होतं.

ताई, गोळ्या महाग वाटत असतील तर जनऔषधीमध्ये त्याच औषधाच्या स्वस्त मिळतात, डॉक्टरांना विचारून घ्या. पण बंद करू देऊ नका.

आणि तंबाखूचं कुणी विचारलं नाही. नवरा ओढतो का?

भांडुपची_सून

दादा तुमच्या भावाचं वाचून पोटात गोळा आला. हो, तंबाखू. सिगरेट नाही, मळून खातो, वीस वर्षं झाली. ओढत नाही म्हणजे हार्टला काही नाही असं आम्हाला वाटायचं. हॉस्पिटलात विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला आणि मी बाजूला उभी राहून गप्प बसले, ते मला आता खूप लागतंय.

मीनलताई, मेडिकलवाला लो सोडियम मीठ घ्या म्हणतोय, घेऊ का?

आहार_मीनल

नको, डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. चीनमधल्या मोठ्या अभ्यासात २०२१ साली त्याचा फायदा दिसलाय हे खरं, पण पंपिंग कमी असलेल्यांना बहुतेक वेळा रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन अशा गोळ्या असतात, त्यांनी आधीच पोटॅशियम वाढतं, वर हे मीठ पडलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. किडनी नाजूक असेल तर धोका अजून जास्त. साधंच मीठ, कमी. वरून लिंबू, कोकम, जिरं, लसूण घाला, मीठ कमी पडल्याचं कळत नाही.

तंबाखू चघळली तरी धोका वाढतो, धूर नाही म्हणून सुटका नाही. ५२ देशांतला इंटरहार्ट नावाचा अभ्यास २००४ साली आला, त्यातनं हे पुढे आलं, आणि आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक बाकीच्यांपेक्षा सरासरी पाचसहा वर्षं आधी येतो हेही त्यातच दिसलं. पुढच्या व्हिजिटला तंबाखूचं डॉक्टरांना खरं सांगा, तुम्ही गप्प बसलात याचा त्रास करून घेऊ नका, त्या दिवशी कुणाला काय सुचणार. १८००-११-२३५६ हा सोडायला मदत करणारा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. बाकी काही जमलं नाही तरी एवढं जमवाच, ताटातले सगळे बदल एकीकडे आणि तंबाखू सुटणं एकीकडे.

आणि खाण्याने किती होतं तेही स्पष्ट सांगते, नीट पाळलं तर एलडीएल दहा-पंधरा टक्के उतरतं, स्टॅटिनच्या (कोलेस्ट्रॉल उतरवायच्या गोळ्या) मोठ्या डोसने निम्म्यावर येतं. यांचं एलडीएल ५५ च्या खाली आणायचंय, ते नुसत्या ताटाने होत नाही. दोन्ही लागतं.

दीर आहेत ना ३८ चे? सख्ख्या भावाला वयाच्या ५५ च्या आत अटॅक आला म्हणजे त्यांनाही धोका धरायचा. उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल (कोलेस्ट्रॉलची तपासणी), शुगर, बीपी, आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन ए (रक्तातला कोलेस्ट्रॉल वाहणारा एक कण) याची टेस्ट, त्याचं प्रमाण पिढीजात येतं. कंबर मोजा, पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आत हवी, बायकांची ८०. मुलांचंही त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठेवा.

गिरणगाव_७२

डब्याचं राहिलं. संध्याकाळी ६ ला भूक लागते आणि स्टेशनबाहेर गरम वडा दिसतो, तिथे माणूस हरतो. तेच तेल दिवसभर उकळत असतं. डब्यात एक छोटा कप्पा द्या, भाजलेले चणे किंवा मूठभर बिनमिठाचे शेंगदाणे, एक पेरू किंवा केळं. मी ट्रेनमध्ये बसायच्या आधी खाऊन घ्यायचो.

आणि परत कधी असं काही वाटलं, देव न करो, तर ट्रेनही नको रिक्षाही शोधत बसू नका, १०८ ला फोन करा आणि जिथे इसीजी आणि अँजिओ दोन्ही होतं तिथेच जा. जबडा, पाठ, पोटाचा वरचा भाग, घाम, कुठलंही असो. गॅस आहे की नाही ते इसीजी ठरवू दे.

भांडुपची_सून

तीन आठवड्यांनी लिहितेय. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. फुटी कढी म्हटल्यावर त्या म्हणाल्या अगो आमची आई तीच करायची, नारळ विकायला जायचे, घरात कुठे खायला मिळायचे. दुसऱ्या दिवशी स्वतः उठून पिठी केली आणि बसून जेवल्या. नारळ आता रविवारी एकच. मिठाच्या पिशवीवर तारीख मुलगी लिहिते. तंबाखू त्याने डॉक्टरांसमोर कबूल केली, १६ दिवस झाले सुटून, चिडचिड खूप करतो पण खात नाहीये.

दिराचा रिपोर्ट काल आला. एलडीएल १७१, बीपी १४८/९६, कंबर ९८. त्याला काही म्हणजे काही त्रास नाही, रविवारी क्रिकेट खेळतो. रिपोर्ट हातात घेऊन सासूबाई म्हणाल्या बरं झालं वेगळं शिजवलं नाहीस. आता त्याला थेट कार्डिओलॉजिस्टकडे न्यायचं की आधी साधा फिजिशियन चालेल?

आहार_मीनल

फिजिशियन चालेल, पण या आठवड्यातच न्या आणि भावाचे डिस्चार्जचे पेपर बरोबर ठेवा. लायपोप्रोटीन ए केली का?

भांडुपची_सून

नाही, लॅबवाला म्हणाला ती वेगळी लिहून आणा. उद्या लिहून घेते.