सोसायटी ग्रुप: गच्चीवरच्या कापडी पिशव्या आणि सातव्या मजल्याची ओल

शनिवार

रेखा काकू ७०२: नमस्कार मंडळी. बेडरूमच्या छताला परत ओल धरली आहे. मागच्या वेळी सगळे "बघू" म्हणालात. आता मला बघवत नाही.
रेखा काकू ७०२: (फोटो)
रेखा काकू ७०२: (फोटो)
रेखा काकू ७०२: बरोब्बर वर काय आहे ते मी सांगायला नको.

अमेय ३०१: पाण्याची टाकी?

रेखा काकू ७०२: टाकी त्या टोकाला आहे अमेय. वर बाग आहे. तुमची.

अमेय ३०१: माझी एकच मिरची आहे काकू, तीही वाळलेली 🙏

सावंत सेक्रेटरी: रेखाताई, नोंद घेतली आहे. प्लंबरला बोलावतो. कृपया कोणी वैयक्तिक घेऊ नये.

रेखा काकू ७०२: प्लंबर पाइप बघून जाईल. पाइपचा प्रश्नच नाहीये.

श्रुती ५०४: काकू, फोटो बघून खरंच वाईट वाटलं. पण तो डाग बाग व्हायच्या आधीपासून आहे. पावसाळ्यात तुम्हीच टाकला होतात फोटो, ग्रुपवर सापडेल.

रेखा काकू ७०२: पावसाळ्यात होता, मान्य. आत्ता पाऊस पडतोय का?

अमेय ३०१: 🤐

नाडकर्णी काका: विषय एकच आहे. झाडांच्या कापडी पिशव्या थेट स्लॅबवर ठेवल्या आहेत. विटांवर ठेवा. मी मागच्या सभेत बोललो होतो, इतिवृत्तात नोंद आहे.

शिंदे ४०३: मुळात प्लास्टिकचे ड्रम काय वाईट होते? तळाला भोकं, खाली थाळी, विषय संपला. हे कापडाचं खूळ कोणी काढलं?

श्रुती ५०४: मी काढलं. आणि सगळ्यांनी "वा छान" म्हणून अंगठे दिले होते, तुम्हीसुद्धा. ड्रममध्ये मुळं कडेला पोचली की गोल गोल फिरत राहतात. कापडात मुळाचं टोक कडेला आलं की हवेने तिथेच सुकतं, मग मागून नवी बारीक मुळं फुटतात. आख्खी माती वापरली जाते. टोमॅटोला एवढा बहर ड्रममध्ये कधी आला होता?

शिंदे ४०३: टोमॅटो आम्हाला काही मिळाले नाहीत, त्यामुळे कल्पना नाही.

श्रुती ५०४: पाणी घालायच्या यादीत नाव असतं तर मिळाले असते 🙂

फडके काका १०३: मी आत्ता वर जाऊन आलो. चार ओळी लिहितो, पूर्ण वाचाव्यात. लहान पिशव्या सरकवून पाहिल्या. प्रत्येकीखाली स्लॅबवर काळा ओला गोल आहे. भोवतालचा भाग खडखडीत वाळलेला, गोल तेवढा ओला. म्हणजे तिथे स्लॅब कधी वाळतच नाही. लिंबाची मोठी पिशवी हलेना. वाकून बघितलं तर मुळं कापडातून बाहेर येऊन टाइलच्या सांध्यात शिरली आहेत. ओल धरते ती अशीच.

श्रुती ५०४: काका, हलवायच्या आधी विचारायचं ना. लिंबाला कळ्या आहेत.

फडके काका १०३: विचारायला वर कोणी नव्हतं.

रेखा काकू ७०२: ऐका. आता मी म्हणत नाहीये, फडकेसाहेब म्हणतायत.

मंगला आजी २०१: 🌹🌹 सुप्रभात 🌹🌹 हसत राहा, आनंदी राहा

अमेय ३०१: आजी, अगदी योग्य वेळ 😂

नाडकर्णी काका: विटांवर ठेवा. थेट स्लॅबवर ठेवल्याने हे झालं. मागच्या सभेत बोललो होतो.

शिंदे ४०३: आणि त्या पिशव्यांना बाहेरून पांढरी बुरशी आली आहे, ती कोणाला दिसत नाही का? लहान मुलं खेळतात तिथे.

श्रुती ५०४: बुरशी नाही ती, क्षार आहेत. पाण्यातले आणि खतातले. कापडातून पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ओलं बोट लावून बघा, विरघळतात. बुरशी कापसासारखी मऊ असते. हिरवं दिसतंय ते शेवाळ, तेही सावलीच्या बाजूलाच.

शिंदे ४०३: बोट मी लावणार नाही.

श्रुती ५०४: मग निदान बुरशी तरी म्हणू नका.

सावंत सेक्रेटरी: मंडळी, भाषा सांभाळा. सगळे एकाच घरातले आहोत.

निखिल ६०३: आठवडाभर पाण्याची पाळी माझी आहे म्हणून लिहितो. मी ऑफिसला निघायच्या आधी पाइप लावतो. खालून पाणी यायला लागलं की पोट भरलं असं समजून पुढच्या पिशवीवर. मला तसंच सांगितलं होतं.

वसुधा काकू २०२: निखिल, रागावू नको हं, पण ते पाणी झाडाला मिळतच नाही. वरचं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पार कोरडं झालं की पाणी पीत नाही, उलट ढकलतं. मातीचा गोळा आकसून कापडापासून सुटलेला असतो, पाणी त्या फटीतून सरळ खाली. तुला वाटतं भरली. बोट खुपसून बघ, दोन पेरं खाली कोरडी ठणठणीत असते. जे रेखाच्या छतात उतरतंय ते झाडाला मिळालेलंच नाही.

निखिल ६०३: म्हणजे मी आठवडाभर रेखाकाकूंचं छत शिंपतोय 😶

रेखा काकू ७०२: 🙏 धन्यवाद.

वसुधा काकू २०२: दोन फेऱ्यांत घालायचं. आधी सगळ्यांना झारीने थोडं थोडं, नुसतं वरचं ओलं होईल इतकं. पंधरा-वीस मिनिटांनी परत आलं की मग बेताने बाकीचं. पहिल्या पाण्याने कोकोपीट जागं होतं, दुसरं धरून ठेवतं. वर वाळक्या पानांचा थर असला की आणखी बरं. पाइप नकोच, मातीला खड्डा पडतो आणि मुळं उघडी पडतात.

निखिल ६०३: पण मला ८ ची बस असते काकू.

वसुधा काकू २०२: मग संध्याकाळी घाल. पण घाईत घालू नकोस.

शिंदे ४०३: एवढं सगळं करायचं तर ड्रमच बरे.

श्रुती ५०४: कापड लवकर सुकतं हे मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. उन्हाळ्यात वाऱ्याच्या बाजूच्या पिशव्यांना दोन वेळा पाणी लागतं. म्हणूनच तर पाळ्या लावल्या.

फडके काका १०३: श्रुती, तुमचं हवेचं शास्त्र बरोबर आहे, पण हवा लागली तर ना. तुम्ही पिशव्या एकमेकींना खेटून, कठड्याला चिकटवून लावल्या आहेत. आणि तळाला तर हवा नाहीच, म्हणून तिथली मुळं सुकण्याऐवजी बाहेर पडली. खाली मोकळी हवा असती तर लिंबू स्लॅबमध्ये गेलं नसतं.

नाडकर्णी काका: हेच मी म्हणतोय. विटा.

फडके काका १०३: विटा नकोत नाडकर्णी. वीट पाणी पिते आणि तेच खाली देत राहते. जाळीचं स्टँड हवं, हवा जाईल असं. पायांना रबराचे बूट. टोकदार पाय ठेवलेत तर भाराने वॉटरप्रूफिंगला भोक पडायचं.

नाडकर्णी काका: इतिवृत्तात विटा असं लिहिलं आहे.

फडके काका १०३: मग इतिवृत्त दुरुस्त करा.

अमेय ३०१: 🍿

मंजिरी ६०१: थोडं वेगळं. कोणीतरी ग्रुपवर न लिहिता मला फोन करून सांगितलं की आमचा बोका पिशव्यांना नखं मारतो. आमचा बोका गच्चीवर जात नाही.

अमेय ३०१: परवा कोथिंबिरीत झोपलेला कोण होता मग? (फोटो)

मंजिरी ६०१: तो आमचा नाही. आमच्याच्या शेपटीला पांढरं टोक आहे.

अमेय ३०१: फोटोत शेपटी पिशवीत आहे वहिनी 😂

सावंत सेक्रेटरी: बोक्याचा विषय वेगळा घेऊ.

शिंदे ४०३: पार्किंगचाही वेगळा घेऊ म्हणाला होतात. अजून घेतला नाही.

सावंत सेक्रेटरी: शिंदेसाहेब 🙏

रेखा काकू ७०२: माझ्या छताचं काय ठरलं? मला शास्त्र शिकायचं नाहीये.

श्रुती ५०४: स्टँडखाली थाळ्या ठेवते काकू. गळेल ते थाळीत. चालेल?

रेखा काकू ७०२: आणि डास?

श्रुती ५०४: थाळ्या रोज ओतू.

वसुधा काकू २०२: नुसतं ओतून भागत नाही ग. डेंग्यूच्या डासाची अंडी थाळीच्या कडेला चिकटून राहतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, पाणी आलं की परत सुरू. आठवड्यातून एकदा घासून पुसायला हवी. आणि पिशवी थाळीतल्या पाण्यात बसता कामा नये, मुळं कुजतात. मध्ये जाळी हवीच.

नाडकर्णी काका: किंवा विटा.

शिंदे ४०३: बरं, आणि हे "पर्यावरणपूरक" म्हणून जे गळ्यात मारलं त्याचं काय? कापड कापड म्हणतात, आहे प्लास्टिकच. उन्हात झिजून तंतू सुटतात. माझ्या गाडीवर येऊन पडतात.

श्रुती ५०४: गाडी तळमजल्याला आहे तुमची.

शिंदे ४०३: वारा असतो.

श्रुती ५०४: प्लास्टिक आहे हे कोणी लपवलं? पाण्याच्या बाटल्या धुऊन, तुकडे करून, वितळवून त्याचा धागा काढतात, तो सुयांनी ठोकून ही फेल्ट करतात. म्हणून ती मातीत कुजत नाही. म्हणूनच तर दर हंगामाला फेकायची नाही, धुऊन वापरायची.

फडके काका १०३: सगळ्या बाटल्यांच्या नाहीत. लेबलवर त्रिकोणात १ असेल तर पेट, म्हणजे बाटलीचं प्लास्टिक, ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, ते वेगळं प्लास्टिक. दुसरीत उन्हासाठी काही मिसळलेलं नसेल तर ती लवकर ठिसूळ होते. कडेच्या दोन काळ्या पिशव्या मी चिमटीत धरल्या तर भुगा हातात आला. त्या शिंदेंच्या गाडीवर जात असणं शक्य आहे.

शिंदे ४०३: ऐका आता.

श्रुती ५०४: त्या दोन माझ्या नाहीत. त्या आधीच्या कमिटीने आणल्या होत्या.

नाडकर्णी काका: आधीच्या कमिटीत मी होतो.

श्रुती ५०४: काका, मी तुमच्याबद्दल नाही बोलले.

नाडकर्णी काका: ठीक आहे.

वसुधा काकू २०२: त्या दोन आधी रिकाम्या करा, फाटल्या तर माती सगळी गच्चीभर होईल. आणि करड्या पिशव्या, ज्यात लाल-निळे ठिपके दिसतात, त्या जुन्या कपड्यांच्या चिंध्यांच्या असतात. त्यात सुती धागा मिसळलेला असेल तर तो ओलीत कुजतो. त्यांच्या शिवणी बघून घ्या.

पल्लवी ४०१: टोमॅटोच्या पिशव्या आता मोकळ्या झाल्यात त्या धुवायच्या कशा? आमच्या यांनी काल एक वॉशिंग मशीनला लावली. मशीन तेव्हापासून पाणी सोडत नाहीये.

अमेय ३०१: दादा जिवंत आहेत का?

पल्लवी ४०१: आहेत. फिल्टरमधली मुळं काढतायत.

श्रुती ५०४: अगं ओली धुवायचीच नाही पल्लवी. माती काढून आधी पूर्ण वाळू दे. वाळली की उलटी करून झटक, मुळं चामडी सोलावी तशी पट्टीने सुटून येतात. मग कोरडा ब्रश. मग बादलीत पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजव, क्षार सुटतात. हाताने चोळ, पिळू नको, शिवण उसवते. वाळली की घडी घालून सावलीत ठेव. रिकामी पिशवी उन्हात लोळत ठेवली की उगाच झिजते.

पल्लवी ४०१: मग त्यात परत टोमॅटो लावू?

वसुधा काकू २०२: त्याच मातीत नको. टोमॅटो, वांगं, मिरची, एकाच घरातली माणसं, एकाचा रोग दुसऱ्याला. त्या मातीत आता पालक किंवा मेथी लाव. झाड मर रोगाने गेलं असेल तर ती माती वापरूच नको.

शिंदे ४०३: मर रोगाची माती कोणत्या कचऱ्यात?

सावंत सेक्रेटरी: हे सगळं फार उपयुक्त आहे, पण मला रेखाताईंना उत्तर द्यायचं आहे. उद्या सकाळी १० ला गच्ची. पिशव्या उचलून रेखाताईंच्या बेडरूमवरचा भाग मोकळा करायचा. तो आठवडाभर वाळू दे, मग वॉटरप्रूफिंगवाल्याला दाखवू. स्टँड येईपर्यंत पिशव्या जिन्याच्या खोलीच्या बाजूला. कोण कोण येतंय?

श्रुती ५०४: मी.

निखिल ६०३: मी. उद्या बस नाही.

अमेय ३०१: मी, माझ्या मिरचीसकट.

नाडकर्णी काका: येतो. विटा पडून आहेत, तात्पुरत्या वापरता येतील.

फडके काका १०३: तात्पुरत्या चालतील.

शिंदे ४०३: माझी कंबर धरली आहे. पण येऊन उभा राहीन.

श्रुती ५०४: या ना. कोणीतरी बघायलाही लागतं.

रेखा काकू ७०२: मी चहा देईन. खाली यायचं, वर नाही. वर सांडलात तर तेही माझ्याच छतात.

निखिल ६०३: लिंबाची पिशवी ४० लिटरची आहे. दोघांना उचलवेल?

फडके काका १०३: कोकोपीटचं मिश्रण असेल तर ओलं लिटरला किलोच्या आसपास, म्हणजे ४० किलो. पण कोणी अंगणातली माती भरली असेल तर लिटरला दीड किलोच्या वर.

श्रुती ५०४: निम्मी माती आहे.

फडके काका १०३: मग चार जण लागतील.

वसुधा काकू २०२: आज संध्याकाळी लिंबाला पाणी घालू नका, तेवढीच हलकी होईल. मुळं ओढू नका, टाइलच्या सपाटीला धारदार सुरीने कापा, झाड मरत नाही त्याने. आणि हँडलला धरून उचलायचं नाही, ती जागेवर सरकवण्यापुरतीच असतात, भरलेलं वजन घेतलं की उसवतात. तिरकी करून खाली जाड पोतं सरकवा आणि पोत्याला चौघांनी धरा.

अमेय ३०१: पोतं कोणाकडे आहे?

शिंदे ४०३: माझ्याकडे आहे. परत हवं.