आईनं बोललेला नवस, तुळजापूरची पायी वाट आणि चौथ्या दिवशी फिजिक्सचा पेपर

शेळगीची_पोर:
नमस्कार. मी सोलापूरचीच, बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाला. माझ्या बारावीच्या वेळी आईनं तुळजाभवानीला नवस बोलला होता, पोरीला घेऊन कोजागिरीला चालत येईन म्हणून. मला कळलं निकालानंतर. त्या वर्षी आईला टायफॉईड झाला, जाणं राहिलं. मागच्या वर्षी आज्जी गेली, सुतकात राहिलं. यंदा आई म्हणते, जायचंच. नेमका कोजागिरीनंतर चौथ्या दिवशी माझा सेमिस्टरचा फिजिक्सचा पेपर आहे.

एक रात्र चालायला मला जड नाही. अडतंय दुसरीकडे. बारावीला फिजिक्समध्ये मला 58 पडले, आणि त्यासाठी मी काय केलं ते मला माहीत आहे. आई कॉलर लावायला बसायची (ती घरी शाळेच्या गणवेशाचं काम करते, नगावर पैसे), तिच्या शिलाई मशीनच्या आवाजात मी रात्री दीडपर्यंत गणितं सोडवायचे. आता ते 58 देवीचे म्हणून फेडायला जायचं, तर ती सगळी रात्रपाळी कुणाची? आणि नाही गेले तर आईला काय वाटेल?

मी नास्तिक वगैरे नाही. आमच्या घरात देव आणि परीक्षा एकाच कपाटात राहिल्यात. दहावीला आज्जीनं माझ्या कंपासमध्ये अंगाऱ्याची पुडी ठेवली होती. बीजगणिताच्या पेपरला कर्कटक काढताना ती फुटली आणि दुसऱ्या प्रश्नावर सगळा अंगारा. पर्यवेक्षक सर धावत आले. "हे काय आहे?" मी म्हटलं, "सर, सिद्धेश्वराचा अंगारा." त्यांनी उत्तरपत्रिका उचलली, हलकेच झटकली, बोटाला लागलेला अंगारा स्वतःच्या कपाळाला लावला आणि म्हणाले, "लिही पुढं." मला अजून तो माणूस आवडतो.

बारावीची पूर्वपरीक्षा ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत आली. फिजिक्समध्ये 70 पैकी 19. अक्षता सोहळ्याला सगळं घर संमती कट्ट्यावर, नंदीध्वज आले, लोक "हर्र बोला हर्र" म्हणतायत, आणि मी मनात म्हणतेय, सिद्धरामा, बोर्डात पास कर, वर्षभर शेंगापोळी खाणार नाही. संध्याकाळी आज्जीला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, त्यानं माणसं जमवून एवढं तळं खणून घेतलं. तू एक धडा वाच की. आणि शेंगापोळी का सोडतीस, केलीय मी." त्या रात्री मी प्रकाशाचं व्यतिकरण पहिल्यांदा समजून वाचलं. दोन पोळ्या खाऊन.

तेव्हा मला देव म्हणजे मार्क वाढवणारा वाटायचा. आता तसं वाटत नाही. पेपर कुणीतरी सर तपासतात, घरी जाऊन जेवतात, हे मला कळतं. पण सोमवारी तळ्यावरून जाताना हात आपोआप जोडले जातात आणि काही मागायचं सुचत नाही. याला विश्वास म्हणायचं का, तेही कळत नाही.

तर सांगा. चालू का? आणि चालले तर मनात काय ठेवून चालू?

रूपाभवानी_ते_तुळजापूर:
ताई, मनातलं तुमचं तुम्ही बघा, मी पायाचं सांगतो. सहा वेळा चाललोय. अंतर 45 किलोमीटरच्या आसपास. थांबत थांबत 11-12 तास धरा. सोलापुरातल्या रूपाभवानीला पाया पडून संध्याकाळी निघालं तर ऊन लागत नाही. त्या दिवशी रस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा करतात, गाड्या दुसरीकडून वळवतात, त्यामुळे बायकापोरींना रात्री भीती नसते. सगळा रस्ता माणसांनी भरलेला असतो.

नवीन बूट-चप्पल अजिबात नको. बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन. हिप्परग्याच्या तळ्यापर्यंत सगळे गप्पा मारत जातात, दम तिथं संपवू नका. तामलवाडीला पाय बोलायला लागतात. तिथं बसा, पण पंधरा मिनिटांच्या वर नको, गुडघे आखडले की उठवत नाही. शेवटी घाट आहे, तो पहाटे येतो आणि झोपही तेव्हाच येते. आईच्या पुढं चालू नका, बरोबर चाला. खाण्याची काळजी नाही. चहा, केळी, खिचडी, दूध, लोक हाताला धरून देतात.

चौथ्या दिवशी पेपर म्हणजे मधे तीन दिवस. पहिला दिवस झोपेत जाणार हे धरूनच अभ्यास लावा.

मागाच्या_गल्लीतला:
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आमच्या घरी मार्कंडेयाचं सगळं मनापासून होतं, नारळी पौर्णिमेच्या रथाला मी दर वर्षी असतो. पण परीक्षेसाठी नवस नको असं मला वाटतं, आणि त्याचं कारण पुस्तकातलं नाही.

मी बारावीला दोन विषयांत नापास झालो. माझ्या अम्मानंही नवस बोलला होता. निकालाच्या दिवशी मी रडायच्या आधी ती रडली, आणि काय म्हणाली माहितीय? "माझंच काहीतरी चुकलं असेल. एका शुक्रवारी मी चुकून खाल्लं होतं." दिवसाला हजार विड्या वळणारी बाई. मी अभ्यास केला नव्हता, मोबाईल बघत बसलो होतो, आणि दोष तिनं घेतला. त्या दिवसाइतकी लाज मला नापास झाल्याची वाटली नाही. जुलैच्या पुरवणी परीक्षेला दोन्ही विषय निघाले. पण आजही अम्माला वाटतं, तो शुक्रवार नडला.

म्हणून तुमचा प्रश्न मला बरोबर वाटतो. पास झाल्यावर श्रेय देवाला गेलं तर फार बिघडत नाही, पण नापास झाल्यावर आईच्या अंगावर येतं. चालायचं तर चाला. फक्त आईला एकदा विचारा, नवस बोलताना तिनं नेमकं काय मागितलं होतं. मी हे कधी विचारलं नाही, विचारायला हवं होतं.

निवृत्त_बाई:
बाळा, तीस वर्षं शाळेत शिकवलं, पर्यवेक्षणाला किती वर्गांत उभी राहिले त्याची मोजदाद नाही. मुलांच्या कंपासपेटीत काय काय पाहिलंय! अंगारा, तुळशीचं पान, अक्कलकोटच्या स्वामींचा फोटो, दर्ग्यातला धागा, एकाच्या पेटीत तर गेलेल्या वडिलांचं घड्याळ. त्यातल्या कुणी त्यावरून उत्तर उतरवलं नाही. पहिल्या दहा मिनिटांत हात थरथरतो ना, तेव्हा त्या वस्तूला एकदा बोट लावायचं आणि लिहायला लागायचं. मी ते हजारदा पाहिलंय, म्हणून मी कधी कुणाची पुडी काढून घेतली नाही. तुझ्या त्या सरांना माझा नमस्कार.

एक सांगते. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की भवानी पलंगावर झोपते, त्याला श्रमनिद्रा म्हणतात. नऊ दिवस लढून दमलेली असते ती. पौर्णिमेला उठून पुन्हा सिंहासनावर बसते. वर्षातून तीनदा तिची अशी निद्रा होते. देवीला झोप लागते तर तुलाही लागेल. चालून आलीस की पुस्तक उघडू नकोस, झोप आधी. जागरणाच्या डोळ्यांनी केलेला अभ्यास पेपरात आठवत नाही, हे मी वर्गात ओरडून सांगायची.

शेळगीची_पोर:
सगळ्यांचे मनापासून आभार. मागाच्या गल्लीतले दादा, तुमचं वाचून मी काल आईला विचारलं.

आधी तिनं मशीन थांबवलं नाही. मग म्हणाली, "फिजिक्सच्या पेपरच्या सकाळी तू बाथरूममध्ये कडी लावून बसली होतीस, आठवतंय?" आठवतं. साडेआठ ते सव्वानऊ. उलट्या झाल्या होत्या, मी आतून सांगितलं होतं की मी जाणार नाही, वर्ष गेलं तर जाऊ दे. अण्णा रिक्षा सुरू करून खाली उभे. आई दाराला डोकं टेकवून उभी होती, हे मला माहीत नव्हतं. तेव्हा ती बोलली, "आई भवानी, पोरगी कडी काढू दे, मी तिला घेऊन चालत येते."

मार्काचं काही बोललीच नव्हती. पास-नापासचंही नाही. म्हणजे तो नवस सव्वानऊलाच पुरा झाला होता, आणि मी दोन वर्षं त्या 58 चा हिशोब करत बसले होते. मला एकदम हसू आलं आणि रडूही. आईला वाटलं तिचं काही चुकलं. मी म्हटलं, "आई, काही चुकलं नाही. आज्जीनं ठेवलेला अंगारा आहे का अजून?" आहे म्हणाली. देवघरात, डब्यात.

कडी मी का काढली ते मला आजही सांगता येत नाही. अभ्यास झालेला होता, तरी हात उठत नव्हता. मग उठला.

आम्ही दोघी चालणार आहोत. आईनं जुन्या चपलेचा पट्टा शिवून घेतलाय, हातातल्या 200 कॉलरी आधी देऊन टाकायच्या म्हणते. माझे तीन युनिट झालेत, चौथं निम्मं राहिलंय.

रूपाभवानीवाले दादा, एकच सांगा. दर्शन झाल्यावर तुळजापुराहून परतीची एसटी सकाळी लगेच मिळते का, की स्टँडवर फार थांबावं लागतं? बाईंनी सांगितलंय तसं दुपारपर्यंत घरी येऊन झोपायचं आहे.